इन्स्ट्रुमेंटल पोस्ट-रॉक कसं ऐकायचं, आणि ‘हे पोस्ट-रॉक आहे का’ हे कसं ठरवायचं

पोस्ट-रॉकच्या, म्हणजे रॉकची वाद्यं नादाच्या पोतासाठी वापरणाऱ्या संगीताच्या, नादी लागलेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास ऐकावे लागतात. ‘यात गाणं कधी सुरू होतं?’ आणि ‘मग हे ॲम्बियंटच झालं ना?’ (ॲम्बियंट म्हणजे बहुधा तालाशिवाय तरंगत राहणारं, वातावरण उभं करणारं संगीत.) पहिला प्रश्न नवखा विचारतो, दुसरा चार अल्बम ऐकून झालेला. दोघांचा घोटाळा एकाच जागी असतो. गायक नाही, गिटारला भरपूर डिले (सुरांचा प्रतिध्वनी) आहे, हळू सुरू होऊन शेवटी दणका बसतो, या तीन खुणा मनात धरूनच ते ऐकायला बसतात. या खुणांनी बरंचसं पोस्ट-रॉक बाहेर राहतं आणि ज्याचा पोस्ट-रॉकशी संबंध नाही असं बरंच काही आत घुसतं.

म्हणून इथला क्रम उलटा ठेवला आहे. आधी उपकरण नीट लावायचं, मग अल्बम निवडायचा, तो तीन वेगवेगळ्या पद्धतींनी ऐकायचा, आणि नाव सर्वांत शेवटी द्यायचं. टप्पे गाळू नका. विशेषतः पहिला, कारण लोक तोच गाळतात.

## टप्पा १: उपकरण आणि आवाजाची पातळी

या संगीताचा अर्धा अर्थ हळू आणि मोठ्या आवाजातल्या अंतरात असतो. फोन, ॲप आणि स्पीकर मिळून हेच अंतर नकळत बुजवतात. ऐकायला बसण्यापूर्वी हे करून घ्या:

१. शफल बंद करा. ऑटोप्लेही बंद करा, नाहीतर अल्बम संपल्यावर पुढच्याच सेकंदाला भलताच बँड सुरू होतो आणि शेवटच्या ट्रॅकचा ठसा पुसला जातो.

२. क्रॉसफेड (एक ट्रॅक संपता संपता पुढचा त्यावर चढवणं) शून्यावर आणा, गॅपलेस प्लेबॅक चालू करा. अनेक अल्बममध्ये एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळतो. क्रॉसफेड असेल तर ती जोडणी चिरडली जाते, आणि गॅपलेस नसेल तर नेमक्या जागी अर्ध्या सेकंदाची भेग पडते.

३. व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन (ट्रॅकची पातळी आपोआप सारखी करणारी सोय) तपासा. स्पॉटिफायमध्ये पूर्ण अल्बम क्रमाने लावला तर सगळ्या ट्रॅकना एकच फरक लागू होतो, त्यामुळे शांत ट्रॅक शांतच राहतो. तेच ट्रॅक प्लेलिस्टमधून किंवा शफलवर लावले की प्रत्येकाची पातळी वेगळी ठरते, आणि दोन मिनिटांचा कुजबुजता ट्रॅक पुढच्या गदारोळाच्या बरोबरीला येऊन बसतो. ‘लाऊड’ हा पर्याय तर मुळीच नको. त्यात मोठा आवाज दाबणारा लिमिटर लागतो आणि ट्रॅकच्या आतले चढउतारही दबतात.

४. साउंडबार किंवा टीव्हीवर ऐकत असाल तर ‘नाइट मोड’ आणि ‘ऑटो व्हॉल्यूम’ बंद करा. हळू भाग वर उचलणं आणि मोठा भाग खाली दाबणं हेच त्यांचं काम असतं.

५. इक्वलायझर सपाट ठेवा. बेस वाढवलेल्या हेडफोनवर गिटारचे थर एकमेकांत विरघळून जातात.

फाइल लॉसलेस (दर्जा न घटवता साठवलेली) आहे की नाही याची चिंता इथे फारशी करू नका. चांगल्या दर्जाचा एमपीथ्री आणि शांत खोली, हे महागड्या फाइल आणि गोंगाटाच्या खोलीपेक्षा कितीतरी बरं.

आता पातळी. नेहमीची चूक अशी: सुरुवात फार हळू वाटते म्हणून आवाज वाढवला जातो, आणि सहा मिनिटांनी कान दुखतात. मोगवाईच्या ‘यंग टीम’ (१९९७) या अल्बममधला ‘लाइक हेरड’ याचा नामी नमुना आहे. सुरुवातीची काही मिनिटं बेस आणि गिटार जवळजवळ पुटपुटतात, आणि मग कसलीही चाहूल न देता सगळी वाद्यं एकदम कोसळतात. म्हणून पातळी शांत भागावर ठरवायची नाही. अल्बममधला सर्वांत दणदणीत भाग शोधा, दहा सेकंद ऐका, तो सहन होईल इतका आवाज ठेवा आणि सुरुवातीला परत या. यामुळे शेवट आधीच कळतो, अशी तक्रार असते. दहा सेकंदांनी काही कळत नाही. पंधरा मिनिटं चढत तिथे पोचल्यावर तोच भाग वेगळा वाजतो.

सावध: जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. ९० डेसिबलला हीच मर्यादा ४ तासांवर येते. बऱ्याच फोनमध्ये हेडफोनची पातळी दाखवायची सोय असते, ती एकदा उघडून पाहा. बाहेरचा आवाज कापणारे हेडफोन इथे खरंच उपयोगी पडतात, कारण शांत भाग कमी पातळीवरही ऐकू येतो.

तपासा: दणदणीत भाग त्रास देत नाही आणि शांत भागात निदान एक वाद्य स्पष्ट ऐकू येतं. दोन्ही जमत नसेल तर सेटिंगमध्ये नव्हे, खोलीत अडचण आहे. पंखा बंद करा किंवा वेळ बदला.

## टप्पा २: कोणता अल्बम आधी, कोणता नंतर

‘अभ्यासासाठी पोस्ट-रॉक’ छापाच्या प्लेलिस्टवरून सुरुवात करू नका. अशा याद्यांत दहा बँडचे एकाच घाटाचे ट्रॅक ओळीने लावलेले असतात. तासाभराने सगळं सारखं वाटायला लागतं आणि माणूस ‘हे लोक एकच गाणं वाजवतात’ म्हणून निघून जातो. त्याचं फारसं चुकलेलं नसतं, यादीचं चुकलेलं असतं.

दुसरी चूक याच्या उलट: थेट सर्वांत मोठ्या कामाला हात घालणं. गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्पररचा २००० सालचा ‘लिफ्ट युअर स्किनी फिस्ट्स लाइक अँटेनाज टू हेवन’ हा चार ट्रॅकचा, जवळजवळ ८७ मिनिटांचा दुहेरी अल्बम आहे. उत्तम आहे, पण पहिला नव्हे.

मी सुचवतो तो क्रम असा.

पहिला: एक्सप्लोजन्स इन द स्कायचा ‘द अर्थ इज नॉट अ कोल्ड डेड प्लेस’ (२००३). पाच ट्रॅक, पाऊण तास, गायन नाही. तीन गिटार आणि ड्रम्स ऐकताना कोण काय करतंय ते कानाला सुटं सुटं कळतं. पहिल्याच ट्रॅकमध्ये एक गिटार एकाच सुरावर ठोके देत राहते आणि खालून बेस-ड्रम छातीच्या ठोक्यासारखा येतो. चढत जाणारी रचना म्हणजे काय हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच ऐकायला मिळतं. लोकांच्या मनातली पोस्ट-रॉकची प्रतिमा बरीचशी याच प्रकारच्या अल्बमांवरून घडली आहे, म्हणून ती आधी नीट पाहून घ्यायची.

दुसरा: टॉर्टॉइजचा ‘मिलियन्स नाउ लिव्हिंग विल नेव्हर डाय’ (१९९६). पहिल्या अल्बमनंतर लगेच हा ऐकणं महत्त्वाचं, कारण तुमची नुकती तयार झालेली व्याख्या हा मोडतो. शिकागोच्या या बँडमध्ये गिटार मागे असते. पुढे असतात बेस, ड्रम्स, आणि व्हायब्राफोन, मारिंबा ही पट्ट्यांवर ठोकून वाजवायची वाद्यं. पहिला ट्रॅक ‘जेड’ सुमारे २१ मिनिटांचा आहे आणि तो कुठल्याही शिखराकडे चढत नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तसा सरकतो. मध्येच टेप तुटल्यासारखा, अडकल्यासारखा आवाज येतो. तुमची फाइल बिघडलेली नाही. तो भाग मुद्दामच तसा केला आहे. पुन्हा डाउनलोड करायला धावू नका.

तिसरा: मोगवाईचा ‘यंग टीम’. पातळीचा धडा वर झालाच आहे.

चौथा: आता गॉडस्पीड. दोन बैठकींत ऐकला तरी चालेल, पण ट्रॅकच्या मध्ये थांबू नका.

पाचवा: टॉक टॉकचा ‘लाफिंग स्टॉक’ (१९९१). यात मार्क हॉलिस गातो. इन्स्ट्रुमेंटलच्या यादीत गाणारा बँड कशाला, हा प्रश्न पडेल. तो सहाव्या टप्प्यात लागणार आहे, तोवर ऐकून ठेवा.

यानंतर वाटा आपापल्या. वाद्यवृंदाच्या बळावर उभा राहिलेला आवाज हवा तर जपानच्या मोनोचा ‘हिम टू द इमॉर्टल विंड’ (२००९), मुख्यतः व्हायोलिन, गिटार आणि ड्रम्सवर तगणारं काही हवं तर ऑस्ट्रेलियाच्या डर्टी थ्रीचा ‘ओशन साँग्ज’ (१९९८), यंत्रांचे ताल हवे तर शेफील्डच्या ६५डेजऑफस्टॅटिकचा ‘द फॉल ऑफ मॅथ’ (२००४).

तपासा: पहिल्या आणि दुसऱ्या अल्बममध्ये किमान एका दिवसाचं अंतर ठेवा. एकापाठोपाठ एक ऐकले तर टॉर्टॉइज ‘काहीच घडत नाही’ असा वाटतो, कारण कान अजून दणक्याची वाट पाहत असतात.

## टप्पा ३: पहिली फेरी, हात न लावता

पूर्ण अल्बम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. लिहायचं नाही, पुढे ढकलायचं नाही, ट्रॅकचं नाव वाचायचं नाही.

नावाबद्दल मुद्दाम सांगतो. या बँडना लांबलचक, गूढ, कधी चक्क थट्टेखोर नावं द्यायची खोड आहे. शब्द नसल्यामुळे श्रोता नावालाच धरून बसतो आणि त्यावरून युद्ध, अंत, आशा अशी गोष्ट रचतो. मग संगीत त्या गोष्टीला चित्र पुरवतं, एवढंच उरतं. नाव नंतर वाचा, हवं तितकं हसा.

‘सिनेमॅटिक’ या शब्दाचंही तेच. हे ऐकताना डोळ्यांसमोर डोंगर आणि धुकं आलं तर येऊ द्या, पण तिथेच समाधान मानू नका. चित्र दिसलं म्हणजे ऐकून झालं असं नाही. माझं मत विचाराल तर हा शब्द काही वर्षं बंद ठेवावा.

विलंबित ख्याल ऐकणाऱ्यांकडे संयम आधीच असतो, मात्र वादक त्या क्षणी सुचेल तसं पुढे नेतोय ही अपेक्षा इथे बाजूला ठेवावी लागते. या बँडच्या रचना बहुतांशी आधी ठरवून, घासून, पक्क्या केलेल्या असतात.

सावध: शांतता म्हणजे शेवट नव्हे. सिगुर रोसच्या २००२ च्या अल्बमला नावाऐवजी फक्त कंसांची जोडी आहे, आणि त्याच्या दोन भागांमध्ये ३६ सेकंदांची निव्वळ शांतता आहे. फोन अडकला असं समजून लोक तिथे पुढचा ट्रॅक दाबतात.

कंटाळा आला तर? येऊ द्या. कोणत्या मिनिटाला आला तेवढं फक्त लक्षात ठेवा, पुढच्या टप्प्यात ते कामाला येईल.

## टप्पा ४: दुसरी फेरी, कागदावर नकाशा

आता एकच ट्रॅक घ्या, आठ ते पंधरा मिनिटांचा. कागद आडवा धरा, खाली मिनिटांची रेघ मारा आणि वाजत असताना आवाजाची चढउतार एका वळणदार रेघेने काढत जा. सुबक असण्याची गरज नाही.

त्याच रेघेवर या खुणा करा:

१. नवीन वाद्य कुठे आलं. ‘गि१’, ‘गि२’, ‘बे’, ‘ड्र’, ‘व्हा’ अशी अक्षरं पुरतात.

२. वाद्य कुठे गेलं. हे बहुतेक जण विसरतात. येणं लक्ष वेधून घेतं, जाणं वेधत नाही, आणि पोस्ट-रॉकमध्ये बऱ्याचदा खरी कलाटणी एखादं वाद्य काढून घेतल्याने मिळते.

३. ड्रम्स कुठे बदलले. फक्त झांजेवरून पूर्ण संचावर, ठोक्यांची घनता दुप्पट, किंवा अचानक बंद.

४. आधी आलेली धून कुठे परतली.

५. पहिल्या फेरीत कंटाळा आला ते मिनिट. तिथे फुली मारा.

फुलीकडे नीट पाहा. माझ्या अनुभवात ती बहुतेकदा दोन जागी पडते. एक, जिथे रेघ बराच वेळ सपाट आहे पण वाद्यांच्या खुणा येतच आहेत. म्हणजे घडत होतं, तुम्ही आवाज मोठा होण्याची वाट पाहत होता म्हणून हुकलं. दुसरी, जिथे रेघही सपाट आणि खुणाही नाहीत. तिथे दोष तुमचा नाही, रचना खरंच रेंगाळली आहे. या संगीतावर प्रेम असलेल्यानेही हे म्हणायला हरकत नाही. शेवटच्या दणक्याच्या भरवशावर आधीची सहा मिनिटं ढकलणारे बँड भरपूर आहेत, आणि नकाशा काढला की ते लगेच उघडे पडतात.

नेहमीची चूक: नकाशात फक्त शिखर शोधणं. ‘जेड’चा नकाशा काढून पाहा. रेघ जवळजवळ आडवी येते आणि वाद्यांच्या खुणांनी कागद भरून जातो. एक्सप्लोजन्स इन द स्कायच्या ट्रॅकचा नकाशा शेजारी ठेवा. दोन्हींना लोक एकच नाव देतात, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथून निघतो.

तपासा: नकाशा पाहून, न ऐकता, तुम्हाला ट्रॅक ढोबळपणे सांगता आला पाहिजे: ‘दोन गिटार, चौथ्या मिनिटाला ड्रम्स, सातव्याला सगळं थांबतं, आठव्याला पहिली धून दुप्पट वेगाने.’ एवढं जमलं की पुढे चला.

## टप्पा ५: तिसरी फेरी, एकेक वाद्य

तोच ट्रॅक पुन्हा, पण लक्ष एकाच वाद्यावर. गिटारपासून सुरुवात करू नका. बेस किंवा ड्रम्स घ्या. गिटार कानावर स्वतःहून आदळते, बाकीच्यांना शोधावं लागतं.

बेस धरून ऐकलं की कळतं, गिटारने तेच तीन सूर घोळवले तरी खालचा सूर बदलल्यामुळे त्यांचा भाव पालटतो. ‘एकच धून पंधरा मिनिटं’ ही तक्रार बहुधा बेस न ऐकणाऱ्याची असते.

मग गिटार. इथे चार गोष्टी ओळखायला शिका, कारण या चार कळल्या की निम्मी परिभाषा आपोआप कळते. डिले म्हणजे वाजवलेला सूर ठरावीक अंतराने परत येणं. एक वादक त्यामुळे तिघांसारखा वाजतो. रिव्हर्ब म्हणजे सूर मोठ्या जागेत घुमल्याचा भास. ट्रेमोलो पिकिंग म्हणजे एकच सूर पिकने अतिशय वेगाने घासत राहणं, ज्यामुळे ठोके मिटून सलग पडदा तयार होतो; मोनोच्या दणदणीत भागांत हे भरपूर आहे. आणि फीडबॅक म्हणजे ॲम्पचा आवाज गिटारमध्ये परत शिरून येणारी सलग शिटी किंवा गुरगुर, जी इथे चूक म्हणून नव्हे तर वाद्य म्हणून वापरतात. सिगुर रोसचा योन्सी गिटार चेलोच्या धनुष्याने वाजवतो, म्हणून ती कधी व्हायोलिन, कधी माणसाचा आवाज वाटते. ‘हे कोणतं वाद्य?’ असा प्रश्न पडला की घाईने सिंथसायझर लिहू नका.

सावध: इफेक्ट ऐकू आला म्हणून नाव देऊ नका. डिले आणि रिव्हर्ब विकत मिळतात आणि ते कुणीही लावतं, जाहिरातीतल्या संगीतापर्यंत.

## टप्पा ६: आता नाव

आधी घोळाचं मूळ, कारण ते माहीत नसेल तर वाद संपत नाहीत. ‘पोस्ट-रॉक’ हा शब्द आज दोन अर्थांनी वापरला जातो आणि बोलणारा कोणत्या अर्थाने बोलतोय हे सांगत नाही.

रुंद अर्थ १९९४ चा. समीक्षक सायमन रेनल्ड्स यांनी त्या वर्षी बार्क सायकोसिस या बँडच्या ‘हेक्स’ अल्बमबद्दल लिहिताना आणि नंतर ‘द वायर’ या संगीत मासिकातल्या लेखात हा शब्द रुळवला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा की रॉकची वाद्यं रॉकच्या कामासाठी न वापरता नादाचा पोत आणि रंग यांसाठी वापरणारे लोक. त्यात गाणारे बँड होते, सॅम्पलर (ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणारं यंत्र) वापरणारे होते. गायन नसणं ही अट नव्हती, शेवटी दणका हीही नव्हती.

अरुंद अर्थ पुढच्या दहाएक वर्षांत तयार झाला: गायनाशिवाय, गिटारप्रधान, शांततेतून गदारोळाकडे चढणारं संगीत. चाहते स्वतःच चेष्टेने याला ‘क्रेसेंडोकोर’ म्हणतात. व्याख्या धूसर आहे असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर या दोन प्रतिमा एकमेकांवर पडलेल्या असतात. वेगळ्या केल्या तर दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात.

तेव्हा पहिलं काम, आपण कोणत्या अर्थाने ठरवतोय हे ठरवा. मग पुढचे प्रश्न विचारा. एकाच प्रश्नावर निकाल देऊ नका.

गिटार काय करते आहे? ट्रॅक संपल्यावर पाच मिनिटांनी डोक्यात काय उरलं ते पाहा. ठोकळेबाज, पुन्हा पुन्हा येणारा रिफ (गिटारची छोटी, ठसठशीत धून) उरला तर आपण रॉक किंवा मेटलच्या बाजूला आहोत. थर, दाटपणा, एखादा नाद उरला तर पोस्ट-रॉकच्या. ही कसोटी नेहमी चालत नाही. एक्सप्लोजन्स इन द स्कायच्या धुना छान गुणगुणता येतात. म्हणूनच पुढचे प्रश्न.

रचना परतते का? टप्पा ४ चा नकाशा काढा. कडवं, ध्रुवपद, कडवं असा फेरा दिसला तर गायक काढून टाकलेलं गाणं आहे. गाण्यातून गायक वजा केला की पोस्ट-रॉक होत नाही, कराओके होतो.

कुणी एक जण पुढे येतो का? लांब ट्रॅक, बदलते भाग, पण मध्ये गिटारवादकाचा किंवा कीबोर्डवादकाचा कसब दाखवणारा सोलो असेल तर प्रोग्रेसिव्ह रॉककडे पाहा. पोस्ट-रॉकमध्ये सोलो दुर्मीळ. सगळ्यांनी मिळून एक आवाज करायचा असतो.

रॉकचा सांगाडा आहे का? ड्रम्स, बेस, गिटार यांपैकी काहीच टेकू देत नसेल तर तो ट्रॅक बहुधा ॲम्बियंट आहे. स्टार्स ऑफ द लिडच्या संगीतात गिटार आहे, पण ड्रम्स नाहीत आणि सूर तरंगत राहतात. चाहत्यांचं वर्तुळ तेच असलं तरी प्रकार वेगळा. डर्टी थ्रीमध्ये बेस नाही, तरी ड्रम्स आणि गिटार चौकट धरून ठेवतात, म्हणून ते आत.

माणसाचा आवाज असेल तर तो काय करतोय? सर्वांत जास्त चुका इथे होतात. माणसाचा आवाज ऐकू आला की लोक ट्रॅक बाद करतात. तीन गोष्टी वेगळ्या करा. बोललेला ध्वनिमुद्रित तुकडा: गॉडस्पीडच्या २००० च्या अल्बममध्ये एक माणूस कोनी आयलंडच्या आठवणी सांगतो, तो तुकडा वाद्यांइतकाच रचनेचा भाग आहे, ट्रॅक इन्स्ट्रुमेंटलच राहतो. अर्थ नसलेलं गायन: सिगुर रोसच्या त्या कंसवाल्या अल्बममध्ये योन्सी कुठल्याही खऱ्या भाषेत गात नाही, याला इन्स्ट्रुमेंटल म्हणावं का यावर मतं वेगळी असतील, मी म्हणत नाही, पण पोस्ट-रॉक नि:शंक. आणि शब्दांचं गायन: टॉक टॉकचा ‘लाफिंग स्टॉक’ किंवा स्लिंटचा ‘स्पायडरलँड’ (१९९१), ज्यात बोलणं, पुटपुटणं, ओरडणं सगळं आहे. रुंद अर्थाने दोन्ही पोस्ट-रॉकच्या पायाशी आहेत, इन्स्ट्रुमेंटल मात्र नाहीत. ‘इन्स्ट्रुमेंटल’ आणि ‘पोस्ट-रॉक’ हे दोन वेगळे निर्णय आहेत. ते एका दमात घेऊ नका.

शेजारी पटकन पाहू. रशियन सर्कल्स आणि पेलिकन गात नाहीत आणि चढत जातात, पण वजन रिफवर असतं: पोस्ट-मेटल. डॉन कॅबलेरोमध्ये लक्ष विषम मात्रांच्या गुंत्याकडे जातं: मॅथ रॉक. माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या ‘लव्हलेस’मध्ये (१९९१) गिटारचा पोत अफाट आहे, खाली मात्र सरळ गाणी दडलेली आहेत: शूगेझ. या कुंपणांना जागोजागी भोकं आहेत. एखादा ट्रॅक दोन्हीकडे बसत असेल तर दोन्ही नावं द्या, कुणी अडवत नाही.

तपासा: तुमचा निर्णय एका वाक्यात कारणासकट सांगता येतो का? ‘वाटतं तसं’ हे कारण नव्हे. ‘रुंद अर्थाने हो, कारण गिटार पोतासाठी आहे आणि ध्रुवपद नाही, अरुंद अर्थाने नाही, कारण चढ नाही’ असं उत्तर आलं तर टॉर्टॉइजवरचा वाद तुम्ही दोन मिनिटांत मिटवू शकता.

## टप्पा ७: लायब्ररीत नोंद

ज्यांच्याकडे स्वतःच्या फाइल आहेत त्यांच्यासाठी. जॉनरच्या रकान्यात फक्त ‘पोस्ट-रॉक’ लिहून थांबू नका, सहा महिन्यांनी तीनशे ट्रॅक एकाच ढिगात सापडतील. सोबत ऐकताना कळलेली गोष्ट लिहा: ‘चढतं’, ‘तालप्रधान’, ‘ड्रोन’ (एकच सूर सलग घुमत राहणं), ‘व्हायोलिन’, ‘बोललेला तुकडा’. रात्री अकराला तुम्ही शोधणार आहात ते हेच.

काही ठरलेले सापळे आहेत. गॉडस्पीडच्या नावातलं उद्गारचिन्ह आधी शेवटी होतं, नंतर ‘यू’च्या लगेच पुढे आलं. त्यामुळे लायब्ररीत एकाच बँडचे दोन कलाकार होतात. एकच रूप ठरवून सगळीकडे बदला. सिगुर रोसचा कंसवाला अल्बम शोधात सापडत नाही, त्याला स्वतःच एखादं नाव द्या. गॉडस्पीडच्या पहिल्या अल्बमचं विनाइल (१९९७) आणि नंतरची सीडी यांत ट्रॅकची संख्या आणि लांबी वेगळी आहे. कुणी ‘दहाव्या मिनिटाला ऐक’ म्हणालं तर आधी कोणती आवृत्ती ते विचारा. त्या विनाइलच्या शेवटी बंद खाच आहे, सुई उचलेपर्यंत ते वाजतच राहतं. आणि मोठे ट्रॅक सोयीसाठी तोडू नका. उपशीर्षकं नोंदवायची तर टिप्पणीच्या रकान्यात, मिनिटासह.

## टप्पा ८: प्रत्यक्ष कार्यक्रमाला जाताना

कानातले प्लग न्या. फोमचे चालतील, पण संगीतासाठी बनवलेले घेतलेत तर वरचे सूर मरत नाहीत. शांत भागात ते काढायचा मोह होतो. ‘लाइक हेरड’ आठवा आणि काढू नका.

साउंड मिक्सरच्या टेबलाच्या जवळपास उभे राहा. आवाज तिथे बसलेल्या माणसाच्या कानाने जुळवलेला असतो. अगदी पुढे गेलात तर समोरच्या गिटारचा ॲम्प बाकी सगळ्यांना झाकून टाकतो.

टाळ्या वादकांचे हात वाद्यावरून खाली आल्यावर. आवाज थांबल्यावर नव्हे.

वेळेवर पोचा. गॉडस्पीडच्या कार्यक्रमाची सुरुवात बऱ्याचदा एका लांब ड्रोनने होते. वादक एकेक करून येऊन त्यात सामील होतात आणि मागे १६ मिमी फिल्मची चित्रं सुरू होतात. कुणी माइकवर येऊन स्वागत करत नाही. साउंडचेक चालू आहे असं समजून लोक तोवर बाहेर गप्पा मारत उभे असतात.